कम्प्युटरवरचे अकरा करंडे

१ जानेवारी १९९७, बुधवार

रतिलालशेठनं कारखान्यात सगळ्यांना डायऱ्या वाटल्या. लोटननं आपली आणून फडताळावर टाकली. मी म्हटलं, ही माझी. अक्षर येत नाही त्यानं डायरी ठेवू नये असा कुठं कायदा नाही. नात नववीला आहे, तिचा वेळ घ्यायचा नाही. म्हणून मी सांगणार आणि सून प्रमिला लिहिणार. ती अकरावी झाली आहे आणि त्याचा तिला जरा गर्व आहे. हेही लिही म्हटलं, तिनं लिहिलं. माझं बोलणं ती पुस्तकातल्या मराठीत करते. करू दे. वाचणार आहे कोण.

आता मोठी बातमी. लोटन, माझा एकुलता एक, अठरा वर्षं जळगावच्या एमआयडीसीत मिलिंग मशीन चालवतो. ठिबक सिंचनाच्या नळ्यांच्या जोडांचे साचे करतो. शेठनं आता नवीन मशीन मागवलं आहे. ते कम्प्युटरनं चालतं. कम्प्युटरवर साच्याचं चित्र काढायचं, सॉफ्टवेअर त्याचे आकडे करतं, आकडे मशीनला द्यायचे, मशीन लोखंड कापतं. पाडव्याला सुरू करायचं. लोटन तोवर शिकला तर ते मशीन त्याचं. नाही शिकला तर पुण्याहून माणूस येईल, जुनं मशीन विकलं जाईल, आणि मशीन नाही तर लोटनला तिथं काम नाही. शेठनं हे फार गोड बोलून सांगितलं म्हणे.

जागा गेली की माणूस सुरतेला जातो. मग इथं असोद्यात राहिलं कोण, आम्ही तिघी बाया.

निश्चय: लोटनला मी शिकवून घेणार.

४ जानेवारी, शनिवार. दुपार

लोटन धुळ्याला गेला. क्लास शनिवार-रविवार. जळगावातही संध्याकाळचा एक क्लास होता, पण मी धुळ्याचा धरला. तिथं माझी लेक सुगंधा दिलेली आहे. घरचं खाल्लं की डोकं चालतं. फी शेठची. दोन दिवस तो घरी नसेल, पण दोन दिवस सोडले म्हणजे आयुष्यभर राहील. असा माझा विचार असतो, लांबचा.

सोबत क्लासच्या सरांसाठी वांग्याचं भरीत दिलं. मास्तरच्या पोटातून विद्या लवकर निघते.

५ जानेवारी, रविवार

आला. विचारलं, काय शिकला. म्हणाला, माऊस धरायला. दोन दिवसांत एवढंच? दाखव म्हटलं. त्यानं गोधडीवर हात फिरवून दाखवला. मला काही दिसलं नाही.

मला लिहिलेलं कळत नाही. हाताला लागेल ते मी खरं धरते. सांगून टाकलं, पुढच्या वेळी काहीतरी करून आण, म्हणजे शिकलास असं समजेन. तो गप्प बसला. लहानपणापासून तसाच आहे, आनंद दाखवत नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज शिकवणी घेतली. लोटन म्हणाला, सगळं एक्स आणि वायचं आहे, कुठून किती लांब. मी म्हटलं, अरे वेड्या, हे तर ठिपक्यांच्या रांगोळीचं आहे. ओट्यावर एकवीस ठिपके काढून दिले. एक्स उंबऱ्याच्या बाजूनं, वाय रस्त्याच्या बाजूनं. सांग हा ठिपका कुठं. त्याला सांगता आलं. प्रमिलालाही आलं, तिला विचारलं नव्हतं.

मग म्हणाला, झेड पण असतो, तो खाली जातो. रांगोळी खाली जात नाही. तिथं शिकवणी थांबली.

एक गोष्ट तो म्हणाला ती लिहून ठेव म्हटलं. "माय, जुन्या मशीनचं चाक फिरवलं का मले हातात कळते लोखंड काय म्हणते ते. तठी कम्प्युटरवर काईच लागत नही हाताले." मी म्हटलं, सवय होईल. एवढंसं काय त्यात.

१२ जानेवारी, रविवार

करंडा आणला. पितळेचा. कुंकवाचा, झाकणाचा. झाकण फिरवून बसवलं की रेघ दिसत नाही. विचारलं, कम्प्युटरवर केलास? त्यानं मान हलवली. म्हणजे हो.

दोन आठवड्यांत. मी म्हटलंच होतं, डोकं माझं आहे त्याला.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

शेजारची तानुबाई आणि गल्लीतल्या बाया तिळगूळ घेऊन आल्या. करंडा मधोमध ठेवला होता. सगळ्यांच्या हातातून फिरला. कम्प्युटर कसा चालतो ते मी समजावून सांगितलं, आधी चित्र, मग आकडे, मग मशीन. तानुबाई म्हणाली, अक्का, तुम्हाला एवढं कसं कळतं. मी म्हटलं, घरात शिक्षण चालू असलं की कळतं.

मग जरा जास्त बोलले. म्हटलं, यंदा माझ्या हळदीकुंकवाला वाण म्हणून असेच करंडे देणार. अकरा. कम्प्युटर काय, बटण दाबलं की झालं. प्रमिला आतून माझ्याकडे पाहत होती. पाहू दे.

१५ जानेवारी, बुधवार

लोटनला अकरा करंड्यांचं सांगितलं. रथसप्तमीच्या आत. त्याचा घास हातातच राहिला. म्हणाला, अकरा? म्हटलं, एक झाला की दहा होतात. अभ्यासही होईल.

१९ जानेवारी, रविवार

तीन आणले.

कम्प्युटरला इतका वेळ का लागतो विचारलं. म्हणाला, रांग असते.

२२ जानेवारी, बुधवार

प्रमिलानं लोटनची क्लासची वही उघडून पाहिली. पहिली चार पानं भरलेली, पुढं कोरी. ती म्हणाली, आत्याबाई, तारीख पाच जानेवारीची आहे, त्यापुढं काहीच नाही. मी म्हटलं, वही कोरी म्हणजे डोक्यात गेलं. मी कधी वहीत लिहिलं? तरी घर चालवलं ना चाळीस वर्षं.

तिनं हे वाक्य दोनदा विचारून लिहून घेतलं. मला ते आवडलं नाही.

२६ जानेवारी, रविवार

आणखी तीन. एकूण सात. सुगंधानं निरोप पाठवला, भाऊ जेवायला उशिरा येतो आणि हाताला तेलाचा वास येतो. मी म्हटलं, कम्प्युटरलाही तेलपाणी लागतच असेल. कोणतं मशीन तेलाशिवाय चालतं.

३० जानेवारी, गुरुवार

क्लासमधून कार्ड आलं. प्रमिलानं वाचलं. श्री. लोटन तीन आठवडे गैरहजर आहेत, यायचं आहे की नाही ते कळवावं.

मी हसले. अख्ख्या खानदेशात लोटन काय एकच आहे? दर गावात चार. बिचाऱ्या सरांची गडबड झाली असेल. प्रमिला म्हणाली, पत्ता आपला आहे. मी म्हटलं, पत्ताही चुकतो.

कार्ड कुठं ठेवू म्हणाली. म्हटलं, ठेव कुठंतरी. लोटनला दाखवू नको, उगाच दुसऱ्याच्या चुकीचा त्याला त्रास.

९ फेब्रुवारी, रविवार

अकरा पूर्ण. सरांसाठी भरीत दर आठवड्याला जातंच आहे. डबा चाटूनपुसून येतो. सर खूश दिसतात.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हळदीकुंकू झालं. असोद्यात असं वाण कुणी दिलं नसेल. पाय दुखताहेत.

एक बारीकशी गोष्ट. बायांनी करंडे उघडून पाहिले आणि झाकणं एकमेकींत मिसळली. मग बसेनात. तानुबाईचं झाकण झुंबरबाईच्या करंड्यावर बसेना. प्रत्येक झाकण आपापल्याच करंड्यावर. अर्धा तास सगळ्या जणी जुळवत बसल्या. प्रमिला हळूच म्हणाली, आत्याबाई, क्लासच्या पुस्तकात लिहिलं आहे की कम्प्युटरच्या मशीनवरची शंभर झाकणं शंभर करंड्यांवर बसतात.

तिला पुस्तक वाचायला कुणी सांगितलं होतं. मी म्हटलं, कम्प्युटरलाही दर रविवारी वेगळा मूड असेल. दमतो तोही.

आता लिहून झालं की पेन ठेव आणि खरकटं काढ.

२३ फेब्रुवारी, रविवार

आता करंडे नकोत, तरी लोटन चिमटा घेऊन आला. फुलके उलटायचा. चांगला आहे. विचारलं, मशीनचं कुठवर आलं? म्हणाला, चाललंय.

पाडवा सहा आठवड्यांवर. काळजीचं काही कारण नाही. झोप लागत नाही ती तेलकट जेवणानं असेल.

७ मार्च, शुक्रवार

निश्चय: रविवारी धुळ्याला जाणार. सुगंधाला भेटायचं आहे. क्लास बघायला नव्हे. जाता जाता दिसला तर बघेन.

९ मार्च, रविवार. संध्याकाळ

धुळ्याला जाऊन आले. क्लास पाहिला. छान आहे. थंड आहे.

बस्स. दमले.

१० मार्च, सोमवार

कालचं खोडून टाक म्हटलं. मग म्हटलं, राहू दे, खाली लिही.

सुगंधाकडे गेले तर लोटन नव्हता. म्हटलं क्लासला असेल. सुगंधा चुलीकडे तोंड करून म्हणाली, "माय, तो क्लासले जासच नही. बठ्ठा दिवस उखर्डूना कारखानामा ऱ्हास." धुळ्याला देऊन बारा वर्षं झाली, बोलणं सगळं तिथलं झालं. पण कळायचं ते कळलं, तो क्लासला जातच नाही, दिवसभर उखर्डूच्या कारखान्यात असतो. उखर्डू म्हणजे तिच्या घरामागं लेथ मशीन टाकलेला, लोटनबरोबर आयटीआयला होता तो.

मी मानलं नाही. रिक्षा करून क्लासला गेले. चपला बाहेर काढायच्या. आत दहा कम्प्युटर, पंखे, पडदे, गोऱ्या गोऱ्या हातांची मंडळी. मशीन कुठं आहे विचारलं. सर नम्र आहेत. म्हणाले, "आजी, इथं मशीन नसतं. इथं फक्त चित्र आणि प्रोग्राम. कापायचं काम ज्याच्या त्याच्या कारखान्यात."

मग करंडे कुठं होतात? सरांना प्रश्न समजला नाही. मी दुसरा विचारला, भरीत गरम पोचतं का. ते म्हणाले, कोणतं भरीत?

तिथल्या खुर्चीत थोडा वेळ बसले. फिरती खुर्ची आहे. पाणी दिलं त्यांनी.

येताना उखर्डूच्या शेडवरून आले. दार अर्धं उघडं होतं. लोटन लेथवर होता, पाठ माझ्याकडे. चाक दोन बोटांनी फिरवत होता, दुसऱ्या हातानं पितळेवर तेल सोडत होता. मान एका बाजूला, जसं कुणाचं ऐकतोय. उखर्डू पोत्यावर बसून माझ्या डब्यातलं भरीत खात होता.

हाक मारली नाही. रिक्षावाला घाई करत होता.

प्रमिला लिहिता लिहिता एकदाही थांबली नाही. म्हणजे हिला आधीच ठाऊक होतं.

११ मार्च, मंगळवार

विचार केला. यात बिघडलं काही नाही. चार आठवडे आहेत. दोन दिवसांत माऊस शिकला होता, चार आठवड्यांत बाकीचं होईल. लोटनला मी पाहिलं ते सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, आता काही करून आणू नको, रिकामा ये.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग बरं म्हणाला.

१६ मार्च, रविवार

रिकामा आला. फार बरं वाटलं. डोळे लाल आहेत, म्हणजे स्क्रीनकडे पाहिलं.

बाकीची मंडळी अकराव्या धड्यावर आहेत. लोटन दुसऱ्या. अकरा आणि दोनमध्ये फार नसतं.

१९ मार्च, बुधवार

प्रमिला त्याला रोज संध्याकाळी पुस्तक वाचून दाखवते. इंग्रजी शब्द तिला येतात, अर्थ त्याला येतो, दोघं मिळून एक शहाणा माणूस होतो. मी तोंड घालायचं नाही असं ठरवलं आहे.

तिसऱ्या पानाला तोंड घातलं. झेडच्या आधी उणे लावलं तर टूल, म्हणजे कापायचं पातं, लोखंडात खाली जातं म्हणाली, मी म्हटलं, उणे म्हणजे काढून घेणं, मग वर गेलं पाहिजे. लोटन म्हणाला, माय, तू जरा देवळात जाऊन ये.

गेले.

२३ मार्च, रविवार. होळी

पुरण केलं, लोटन रात्री आला तेव्हा गार झालं होतं. पाचवा धडा.

३० मार्च, रविवार

सातवा. सर म्हणाले म्हणे, तुमचं डोकं चांगलं आहे हो, मधले नऊ आठवडे तुम्ही कुठं होतात?

त्यानं हे जेवताना सांगितलं, माझ्याकडे न पाहता. मला ठसका लागला. तिखट जास्त पडलं होतं.

नऊ आठवडे. सात धडे आणि हे नऊ, सोळा झाले असते. एवढं मलाही येतं.

४ एप्रिल, शुक्रवार

उद्या शेठसमोर परीक्षा. नवीन मशीनवर, छोटा साचा. लोटनचा शर्ट प्रमिलानं इस्त्री केला. मी दही लावलं आहे. सगळं जुळून आलं आहे.

५ एप्रिल, शनिवार

झाली.

चित्र बरोबर काढलं. आकडेही बरोबर निघाले म्हणे, शेठनं पाठीवर हात ठेवला. मग मशीन सुरू केलं. टूल खाली यायला लागलं आणि लोटनला वाटलं, फार जोरात येतंय, बाजूच्या पकडीवर आदळणार. बरोबर वाटलं होतं. थांबवायचं एक लाल बटण असतं, हाताखालीच. ते आठव्या धड्यात आहे.

त्यानं चाक धरायला हात पुढं केला. तिथं चाक नाही.

टूल तुटलं. शेठनं तुकडे स्वतः वाकून उचलले. हे लोटननं दोनदा सांगितलं.

दही कुणी खाल्लं नाही. मी म्हटलं, तुझं चुकलं कुठं, शिकवणाऱ्यानं ते बटण आधी दाखवायला पाहिजे होतं. तेव्हा तो बोलला. रागानं नाही. रागानं बोलला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

"माय, तू म्हटलं काहीतरी करून आण. तठी आणासारखं काईच नव्हतं. म्हणून मी एक करंडा केला. मग तू अकरा सांगितले."

एवढंच. प्रमिला, जसं बोलला तसंच लिही. शुद्ध करू नको.

६ एप्रिल, रविवार

डायरी नको.

८ एप्रिल, मंगळवार. पाडवा

नवीन मशीनचा नारळ पुण्याच्या माणसानं फोडला. लोटनला शेठनं मुद्दाम बोलावलं होतं, ताट धरायला. त्यानं धरलं. पेढा घेऊन आला, नातीनं खाल्ला.

जुनं मशीन विकलं गेलं. कुणाला, तर उखर्डूला. उखर्डूचा निरोप आहे, मशीन एकटं येऊन काय कामाचं, त्याच्या मागं उभा राहणारा माणूसही पाहिजे. सोमवार ते शनिवार. राहायला सुगंधा आहेच.

तानुबाई गुढीचा प्रसाद घेऊन आली, म्हणाली, इंजिनिअर कुठं आहेत. मी म्हटलं, बदली झाली.

१४ एप्रिल, सोमवार

सकाळच्या एसटीनं गेला. ट्रंक नेली नाही, पिशवी नेली. म्हणाला, दर रविवारी येणारच आहे. दोन दिवस तिकडे, बाकीचे इकडे, असं मी ठरवलं होतं. आता एक दिवस इकडे.

सुरत झाली नाही, हे त्यातल्या त्यात. पण ते म्हणायला जीभ उचलत नाही.

निश्चय: तो आला की काही विचारायचं नाही, काही सांगायचं नाही. बसू द्यायचं. बस्स.

२० एप्रिल, रविवार

आला. जेवला. झोपला. मी पंखा त्याच्याकडे फिरवून ठेवला. चार वाजता उठला, चहा घेतला, नातीला गणित सांगितलं, तेवढ्यात पाच वाजले. स्टँडपर्यंत मी चालत गेले. प्रमिलाही आली.

गाडीत बसला, खिडकीतून म्हणाला, माय, पुढच्या रविवारी काय आणू?

मी ठरवून गेले होते. आठवडाभर घोकलं होतं. म्हणायचं, काही नको, तूच ये, जरा लवकरच्या गाडीनं ये.

तोंडातून निघालं, "तानुबाईच्या लेकीला दोन करंडे सांगितलेत मी."

त्यानं मान हलवली. दोन करायचे म्हणजे शनिवारची रात्र आणि रविवारची सकाळ, मग यायचं ते दुपारच्या गाडीनं. गाडी निघाली तेव्हा मला हिशेब लागला. प्रमिलाला तो आधीच लागला होता. घरी येताना तिनं माझा हात धरला, रस्ता खराब आहे म्हणाली.

रस्ता चांगला आहे. मागच्याच महिन्यात डांबर टाकलंय.